बिनखांबांचं कुंपण

कुंपण आता फोनमध्ये आहे.
मारित बोटानं रेघ ओढून बर्गनला परत गेली:
ओढ्यापासून वर, पडक्या गोठ्याला वळसा,
कड्याच्या अलीकडे वीस पावलं.
ना खांब, ना तार,
ना हातोडीनं चेचलेला अंगठा.

एकोणीस शेळ्या, गळ्यात एकोणीस डबे,
दोन्ही अंगांना उन्हावर जगणाऱ्या काचा.
शेळी रेघेजवळ गेली की डबा गाऊ लागतो:
खालचा सूर, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा,
कुणी घाईनं जिना चढावा तसा.
माडीवर पोचलात की चटका.
शिकायचं ते एवढंच.

थोरल्या तीन दिवसांत शिकल्या,
करडं आयांकडे बघून.
फ्लेकरोस मात्र वेगळंच शिकली.
ढगाळ आठवड्यात ती रेघेवर जाऊन उभी राहायची,
पुढे नाही, मागे नाही, अर्ध्या जिन्यात,
डबा गाऊन गाऊन बॅटरी संपेपर्यंत.
मग निवांत पलीकडे.
तोरगाइरच्या कोबीचे सात गड्डे गेले.
तो दारात येऊन म्हणाला,
लोकांचं कुंपण शेत खातं, तुझं नुसतं झोपा काढतं.
मी हसले.
त्या उन्हाळ्यात हसायला कारणं मोजकीच होती.

आर्नफिन नावं विसरायला लागला होता.
आधी माणसांची, शेळ्यांची बरीच नंतर.
चीजच्या कढईशी उभा राहून विचारायचा,
हे इतकं तपकिरी कुणी केलं?
तूच, मी सांगायचे. चाळीस वर्षं तूच करतोयस.
बरा जमलाय, म्हणायचा.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेची इंगुन आली.
टेबलावर घड्याळ ठेवलं, काळा पट्टा, काटे नाहीत.
ते कुठे आहेत हे तुम्हाला कळत राहील, म्हणाली.
मी विचारलं, ह्याला सूर आहे का?
तिला कळलं नाही. मी कॉफी ओतली.

पट्टा बांधताना त्यानं मुकाट हात पुढे केला.
एक भोक सैल ठेव, म्हणाला,
थंडीत केस वाढले की मान भरते त्यांची.

एकाच फोनवर आता दोन नकाशे.
एकात एकोणीस ठिपके, एकात एक.
त्याच्या नकाशावर रेघ नव्हती.
इंगुननं विचारलं होतं, कुठपर्यंत आखू?
मी बोट काचेवर ठेवलं
आणि उचललं.

सप्टेंबरात एका संध्याकाळी धुकं फ्योर्डवरून वर आलं,
आणि त्याचा ठिपका कड्याकडे निघाला.
मी बूट उलटसुलट घालून धावले.
जुनिपरच्या झुडपांपाशी आधी कळप दिसला,
मग त्याची पाठ, बाजूला फ्लेकरोस,
दोघं चालत होते, बाजाराला निघाल्यासारखे.
हाक मारावी तर दचकेल.
तेवढ्यात तिचा डबा गाऊ लागला.
ती थांबली. तोही थांबला.
मान तिरकी करून ऐकत राहिला,
चौथ्या सुराला वळला.
तिचं शिंग धरून खाली आला
आणि मला म्हणाला, बाई, तुम्ही भिजलात.

ऑक्टोबरात डबे काढले, पुसले, खोक्यात ठेवले.
उघड्या गळ्यांच्या शेळ्या
अजूनही त्या रेघेशी जाऊन थांबतात, रवंथ करतात.
फ्लेकरोससुद्धा.

तो रात्री उठतो. कडी चाचपडतो.
मी अंथरुणातूनच खालचा सूर धरते,
मग वरचा, मग त्याच्या वरचा.
एखाद्या रात्री तिसऱ्याला वळतो,
थंड पाय माझ्या पायांना लावून झोपतो.
एखाद्या रात्री मी जिना चढत जाते, चढत जाते,
माडीवर पोचते,
चटका माझ्याकडे नाही.
दार उघडल्याचा आवाज येतो.
मग दिवा लावते, बूट शोधते.